मासे सोडण्याआधी: एपीआयच्या थेंब-चाचणी संचाविषयी

नवी टाकी मांडून फिल्टर सुरू केला की दोन-तीन दिवसांत पाणी नितळ होते आणि आता मासे सोडायला काय हरकत आहे, असे वाटू लागते. नितळपणाचा आणि टाकी तयार असण्याचा मात्र काहीही संबंध नाही. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे पाण्यात विरघळलेली आणि रंगहीन असतात, त्यामुळे ती मोजल्याशिवाय कळत नाहीत. टाकी सायकल करायला, म्हणजे ही विषे पचवणारे जीवाणू तिच्यात वाढवायला घेणाऱ्याने हीटर किंवा झाडे एक वेळ नंतर घ्यावीत, पण चाचणी संच पहिल्याच दिवशी हाताशी असावा, असे माझे ठाम मत आहे. एपीआय या कंपनीचा ‘फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट’ हा संच या कामासाठी कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

संचात द्रवाच्या सात बाटल्या, झाकणे असलेल्या चार काचेच्या परीक्षानळ्या आणि रंगतक्ता असतो. पीएच, वरच्या पल्ल्याचा पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच चाचण्या त्यातून होतात. प्रत्येक वेळी टाकीतले 5 मिलिलिटर पाणी नळीत घ्यायचे, बाटली सरळ उलटी धरून ठरलेले थेंब मोजून टाकायचे, नळी हलवायची, थांबायचे आणि रंग ताडून पाहायचा. बाटली तिरपी धरली तर थेंबांचा आकार बदलतो आणि आकडाही बदलतो, हे लक्षात ठेवावे लागते. यातली काही द्रावणे तीव्र आम्लयुक्त असल्याने नळीच्या तोंडावर बोट ठेवून ती हलवू नये; झाकणे त्यासाठीच दिलेली आहेत.

मासे न सोडता टाकी सायकल करताना पाण्यात अमोनियम क्लोराइडच्या रूपाने साधारण 2 पीपीएम (दशलक्ष भागांत 2 भाग) अमोनिया घातला जातो आणि जीवाणूंची वाट पाहिली जाते. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हा दुसरा गट म्हणजे नायट्रोबॅक्टर, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. हे जीवाणू अत्यंत सावकाश वाढतात, म्हणूनच या सगळ्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात आणि म्हणूनच कॅलेंडरपेक्षा नळीतल्या रंगावर विसंबणे शहाणपणाचे.

संचाची खरी कसोटी लागते ती नायट्राइटच्या टप्प्यावर. पाण्यात नायट्राइट नसेल तर पाच थेंबांनंतर नळी स्वच्छ आकाशी दिसते. भरपूर असेल तर थेंब पडतापडताच जांभळा होत खाली उतरतो आणि पाच मिनिटे थांबण्याआधीच उत्तर समोर असते. अडचण पुढे येते. 1 पीपीएम अमोनियापासून सुमारे 2.7 पीपीएम नायट्राइट बनते. म्हणजे 2 पीपीएम अमोनिया पूर्ण रूपांतरित झाला की नायट्राइट 5 च्या पुढे जाते आणि रंगतक्ता तर 5 वरच संपतो. 4 पीपीएम अमोनिया घालणाऱ्यांची नळी मग आठवडेच्या आठवडे तशीच गर्द जांभळी दिसत राहते आणि पाण्यातले नायट्राइट 11 वरून 6 वर आले तरी त्यांना काहीच हलत नसल्यासारखे वाटते. यावर उपाय सोपा आहे: टाकीतले 1 मिलिलिटर पाणी घेऊन त्यात 4 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मिसळावे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे. अनेक जण ‘सायकल अडकली’ म्हणून निराश होतात ती याच टप्प्यावर, आणि त्यातल्या कितीतरी टाक्या प्रत्यक्षात व्यवस्थित पुढे सरकत असतात.

अमोनियाचा रंग पिवळ्यापासून हिरव्याकडे जातो आणि 0 व 0.25 यांतला फरक पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ दिसत नाही. दिवसाच्या उजेडात, नळी तक्त्याच्या पांढऱ्या भागावर धरून पाहावी; तरीही शंका असेल तर दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड वॉटरची चाचणी करून दोन्ही शेजारी धरावीत. ही चाचणी एकूण अमोनिया दाखवते, त्यातला विषारी भाग किती हे पीएचवर ठरते: 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना तो जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या पुढे जातो. दोन्ही चाचण्या एकाच पेटीत असण्याचा फायदा इथे कळतो.

नायट्रेटची चाचणी या संचातली सर्वांत कष्टाची. दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी बसतो, म्हणून ती 30 सेकंद जोरात हलवायची आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. हा भाग कंटाळून टाळला तर आकडा खोटा आणि कमी येतो. शिवाय ही चाचणी नायट्रेटचे नायट्राइट करूनच मोजते, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट भरपूर असेल त्या दिवसांत तिचा आकडा गृहीत धरू नये.

संचाची मोठी उणीव एकच, पण ती सायकलिंगच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: त्यात कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच मोजण्याची सोय नाही. जीवाणू अमोनिया वापरताना पाण्यातली ही क्षारता खर्च करतात. ती संपली की पीएच घसरतो आणि 6 च्या आसपास जीवाणूंचे काम जवळपास थांबते. पीएचची चाचणी ही घसरण दाखवते, पण घसरण झाल्यावर. मऊ पाणी असणाऱ्यांनी केएचची वेगळी बाटली सोबत घ्यावीच.

टाकी तयार झाल्याचा निकष असा: 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यावेत, आणि लागोपाठ दुसऱ्या दिवशीही तसेच घडावे. तोवर नायट्रेट बरेच साठलेले असते, म्हणून मोठ्या प्रमाणात पाणी बदलून, नवे पाणी क्लोरीनमुक्त करून मगच थोडे मासे सोडावेत आणि पहिले काही आठवडे चाचण्या चालू ठेवाव्यात. कंपनी सुमारे 800 चाचण्या होतील असे सांगते, त्यामुळे थेंब वाचवण्यासाठी चाचणी टाळण्याचे काहीच कारण उरत नाही.