घरच्या जिन सावरमध्ये फुलांचा गंध कुठून आणायचा: बाटलीतून, सिरपातून की थेट जिनमधून?

जिन सावरचा सांगाडा सोपा आहे: ६० मिली जिन, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचं सिरप, भरपूर बर्फ आणि जोरदार शेक. १८६२ साली बारटेंडर जेरी थॉमस यांनी अमेरिकेत छापलेल्या कृतींमध्येही जिन सावर आहे, म्हणजे पेय चांगलं दीडशे वर्षांहून जुनं. अडायला होतं ते पुढे. त्यात फुलांचा दरवळ आणि हिरव्या पानांचा ताजेपणा आणायचा ठरवलं की चार वाटा दिसतात. फुलांचं तयार लिक्युअर (गोड, सुगंधी मद्य) आणा, घरी फुलांचं सिरप करा, जिनमध्येच फुलं भिजत घाला किंवा ताजी पानं शेकरमध्ये चेचा. सगळ्याच वाटांनी पेय होतं, पण चव, मेहनत आणि बिघडण्याची शक्यता प्रत्येकीची वेगळी.

माझं मत आधीच सांगते. घरी करणाऱ्याने फूल सिरपातून आणावं आणि पान ताजं वापरावं. याला अपवाद आहेत, ते ओघात येतीलच.

आधी जिन

दुकानात ‘फ्लोरल’ लिहिलेली जिन दिसली की हात तिकडे जातो. मी साधी लंडन ड्राय, म्हणजे गोड नसलेली नेहमीची जिन, घ्यायला सांगेन. फुलांच्या जिनमध्ये गुलाब, जास्वंद किंवा आणखी काही आधीच असतं, त्यावर तुम्ही लॅव्हेंडर किंवा एल्डरफ्लॉवर (एल्डर झुडपाची पांढरी फुलं) घातलं की दोन अत्तरं एकमेकांवर चढतात आणि कुठलंच नीट कळत नाही.

साध्या ड्राय जिनच्या बाजूने आणखी एक पक्कं कारण आहे. जिनमध्ये जुनिपरच्या (जिनला तिची ओळखीची चव देणाऱ्या फळाच्या) खालोखाल बहुतेक वेळा धणे असतात. धण्याच्या तेलात सर्वात मोठा वाटा लिनालूल नावाच्या सुगंधी द्रव्याचा, आणि हेच लिनालूल लॅव्हेंडरमध्ये भरपूर असतं, बेझिलमध्येही असतं. म्हणून लॅव्हेंडर आणि बेझिल ड्राय जिनमध्ये उपरे वाटत नाहीत. तसंच जुनिपर आणि रोझमेरीचं: दोन्हींत अल्फा-पायनीन हा पाइनच्या राळेसारखा वास देणारा घटक आहे. फूल आणि पान निवडताना मला या नात्यांचा फार उपयोग होतो. जिनमध्ये जे आधीच आहे तेच वर आणायचं, असा विचार केला की जोड्या आपोआप सुचतात.

लिक्युअर की सिरप?

खरा निर्णय इथे आहे.

एल्डरफ्लॉवर लिक्युअरचा मोठा गुण म्हणजे सातत्य. सेंट-जर्मेन हे एल्डरफ्लॉवर लिक्युअर २००७ साली बाजारात आलं आणि बारटेंडर मंडळींनी ते इतकं उचललं की आज फुलांचं कॉकटेल म्हटलं की पुष्कळांना तीच चव आठवते. पिअर, लिची, थोडा मध, अशी मऊ चव. बाटली उघडली की काम झालं. उकळणं नाही, गाळणं नाही, आणि अल्कोहोल २० टक्के असल्याने बाटली बराच काळ टिकते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पाहुण्यांसाठी करणार असाल, तर ही बाटलीच घ्या, सिरपाच्या भानगडीत पडू नका.

मात्र लिक्युअर वापरताना एक गणित चुकतं. कृतीतलं २० मिली सिरप काढून त्या जागी २० मिली लिक्युअर घातलं की पेय आंबटढाण होतं. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या २० मिली सिरपात साधारण १२ ग्रॅम साखर असते, तेवढ्याच लिक्युअरमध्ये त्यापेक्षा बरीच कमी. म्हणून प्रमाण असं ठेवा: जिन ४५ मिली, लिक्युअर २० मिली, लिंबाचा रस २० मिली आणि वर ७ ते १० मिली साधं सिरप. लिक्युअर आलं म्हणून पेय सौम्य होतं असंही नाही. ४० टक्क्यांच्या ६० मिली जिनमध्ये २४ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, आणि या दुसऱ्या मापात २२ मिली. फरक नावापुरता.

व्हायोलेटचं लिक्युअर त्याच रांगेतलं, पण हात आखडता ठेवायला हवा. एव्हिएशन या जुन्या कॉकटेलमध्ये ते असतं, आणि ५ मिलीच्या पुढे गेलं की जिन हरवते. एका बाटलीवरच खर्च करायचा असेल तर एल्डरफ्लॉवर.

आता सिरप. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, गॅस बंद करून त्यात एक मोठा चमचा सुकं लॅव्हेंडर टाकायचं आणि झाकण ठेवायचं. इथून पुढे शेगडीजवळून हलू नका. पाचव्या मिनिटाला चाखलंत तर गोड पाण्यात गवताचा अंधूक वास. दहाव्या मिनिटाच्या आसपास फूल स्पष्ट येतं, जिभेवर गोडवा आणि नाकात थंडावा. पंधरा मिनिटांनंतर मागून कडवटपणा डोकावायला लागतो, आणि अर्ध्या तासाने साबण. लॅव्हेंडर आवडत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी हा शेवटचा टप्पाच चाखलेला असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थोडं फिकं असतानाच गाळा. लिंबाच्या रसात आणि जिनमध्ये गंध उघडतो.

लॅव्हेंडर घेताना ते खाण्यासाठीचं आहे याची खात्री करा. इंग्लिश लॅव्हेंडर गोडसर असतं, तर लॅव्हँडिन या संकरित जातीत कापराचा वास जास्त असतो आणि तो पेयात औषधासारखा लागतो. फुलवाल्याकडची सजावटीची फुलं मात्र कधीही वापरू नका, त्यांच्यावर कीटकनाशकं मारलेली असू शकतात. बागेतलं फूल वापरायचं तर आधी त्याची नीट ओळख पटवा. कण्हेरीसारखी दिसायला सुंदर झाडं विषारी असतात.

सिरपाचा तोटा म्हणजे टिकाऊपणा. स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन आठवडे धरून चाला. गढूळ दिसलं की टाकून द्या. पण बदल्यात काय मिळतं बघा: गंध किती हवा ते तुमच्या हातात, गोडी किती हवी तेही तुमच्या हातात, आणि पुढच्या वेळी लॅव्हेंडरऐवजी कॅमोमाइल किंवा गुलाबपाकळ्या. फक्त रोझेल या आंबट जास्वंदीचं सिरप केलंत तर ते स्वतःच आंबट असतं, लिंबाचा रस ५ मिलीने कमी करा.

सिरपही नको आणि लिक्युअरही नको, अशांसाठी ऑरेंज फ्लॉवर वॉटरचे (संत्र्याच्या जातीच्या फुलांच्या सुगंधी पाण्याचे) दोन-तीन थेंब हा आडमार्ग आहे. रामोस जिन फिझ या जुन्या कॉकटेलमध्ये हीच युक्ती आहे. थेंब मोजूनच घाला, बाटली थेट उपडी करू नका.

जिनमध्ये फुलं भिजवणं

ऐकायला सर्वात आकर्षक आणि माझ्या यादीत सर्वात खाली. अल्कोहोल फुलातलं तेल पाण्यापेक्षा वेगाने ओढतं, आणि तेलासोबत कडू द्रव्यंही. सिरप बिघडलं तर वाटीभर साखर गेली. इथे अख्खी बाटली जाते. तरीही करायचंच असेल तर कॅमोमाइलपासून सुरुवात करा, ते मवाळ आहे. २०० मिली जिन वेगळी काढा, एक मोठा चमचा सुकी फुलं घाला आणि दर दहा मिनिटांनी चाखत राहा.

पानं

बेझिलच्या बाबतीत ताज्या पानाला तोड नाही. बारटेंडर योर्ग मेयर यांनी २००८ मध्ये हॅम्बुर्गच्या ल लिऑन बारमध्ये केलेलं जिन बेझिल स्मॅश याचंच उदाहरण. मूठभर पानं, लिंबू, सिरप, जिन. पानं चांगली चेचायची, शेक करायचं, बारीक गाळणीतून गाळायचं आणि लगेच प्यायचं, कारण तो हिरवा रंग थोड्याच वेळात तपकिरीकडे झुकतो. पुदिन्याला हाच जोर लावला तर तो कडवट होतो, त्याला नुसतं दाबायचं. रोझमेरी चेचूच नका. तिची छोटी काडी लॅव्हेंडरच्या गरम सिरपात शेवटची तीन-चार मिनिटं बुडवली की पुरे.

बेझिलचं सिरप उकळून करण्यात मला अर्थ दिसत नाही. उष्णतेने त्याचा ताजेपणाच जातो, आणि आपण पान घालतो ते त्याच्यासाठीच.

जोडी म्हणाल तर एक फूल, एक पान. लॅव्हेंडर-बेझिल ही माझी पहिली पसंती, एल्डरफ्लॉवर-पुदिना दुसरी.

फेस: अंडं की चण्याचं पाणी?

फेसाशिवायही जिन सावर होतं, आणि बेझिलची पानं चेचलेली असतील तर मी फेस टाळतेच, हिरवट फेस डोळ्यांना बरा वाटत नाही. पण लॅव्हेंडर किंवा एल्डरफ्लॉवरच्या पेयाला फेसामुळे जो मऊपणा येतो, त्याने लिंबाची धार बोथट होते आणि फूल पुढे येतं.

अंड्याचा पांढरा बलक १५ ते २० मिली पुरतो, एका अंड्यातून याहून जास्त निघतो. फेस घट्ट आणि रेशमी होतो, पण पेय रेंगाळलं तर अंड्याचा ओलसर वास यायला लागतो आणि नाजूक फुलावर तो मात करतो. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा धोकाही असतो, पाश्चराइज्ड पांढरा बलक मिळाला तर तोच घ्या. डब्यातल्या काबुली चण्याचं पाणी, बिनमिठाचं, २५ मिली घातलं तर फेस थोडा हलका होतो पण छान टिकतो, आणि शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्नही सुटतो. फुलांच्या सावरसाठी मी चण्याचं पाणी निवडेन.

दोन्हींसाठी आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद शेक करायचं, मग बर्फ घालून तेवढाच वेळ. बर्फ असताना शेकर गार होतो, आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं. बर्फाशिवायच्या पहिल्या फेरीत तसं होत नाही, म्हणून झाकण दोन्ही हातांनी दाबून धरा, नाहीतर लिंबू आणि सिरप भिंतीवर जाईल. गाळल्यावर अर्धा मिनिट ग्लास तसाच ठेवला की फेस वर येऊन बसतो, त्यानंतरच पान ठेवा, आधी ठेवलं तर ते बुडतं.