फ्लक्सबॉक्स की ओपनबॉक्स? आमच्याकडे शुक्रवारचा पाय मोडला म्हणून ठरलं

जुना डेस्कटॉप टाकवत नाही आणि त्यावर लिनक्समधलं गनोम नाहीतर केडीई असं भारी डेस्कटॉप चढवलं की मेनू उघडेस्तोवर चहा होतो, अशांसाठी लिहितोय. माझी मशीन कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, हार्डडिस्क तीच जुनी फिरणारी, मॉनिटर चौकोनी १७ इंची. घर मालवणजवळ खाडीला लागून. इथली खारी हवा खिडकीचे गज खाते तशी रॅमची पट्टी पण खाते, मृग लागला की एक सकाळ अशी येतेच की पीसी चालू करावा तर नुसता बीप बीप, मग कॅबिनेट उघडायचं, रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचा, फुंकर मारून परत बसवायची. अशा मशीनवर हौस करायची तर हलकीच करावी लागते.

फ्लक्सबॉक्स, ओपनबॉक्स हे विंडो मॅनेजर, म्हणजे लिनक्सवर खिडक्यांच्या चौकटी, त्या हलवणं आणि मेनू एवढंच सांभाळणारे प्रोग्राम, यापेक्षा जास्त खोलात जात नाही. कुठला किती एमबी रॅम खातो याचे तक्तेही देत नाही, कारण खरं सांगू का, हे सगळे इतकं कमी खातात की ब्राउझरचे दोन टॅब उघडले की तो फरक खाडीत गेला.

आधी जे घेतले नाहीत त्यांचं पटकन उरकतो. डीडब्ल्यूएम सुंदर आहे पण प्रत्येक बदलाला हेडर फाइल उघडून परत कंपाइल करायचं, ज्याला सी (प्रोग्रामिंगची भाषा) येतं आणि वेळ आहे त्याने खुशाल करावं. आयथ्री महिनाभर वापरला, कॉन्फिग फाइल वाचायला अगदी सोपी, २०२३ च्या ४.२२ आवृत्तीपासून गॅप्स, म्हणजे खिडक्यांमधल्या मोकळ्या फटी, पण आतच आले, त्यासाठी वेगळी फोडलेली आवृत्ती (फोर्क) शोधायला नको. पण टायलिंग, म्हणजे खिडक्या फरश्यांसारख्या आपोआप शेजारी-शेजारी बसवणं, चौकोनी मॉनिटरवर मला तरी जमलं नाही, दोन खिडक्या शेजारी आल्या की स्प्रेडशीटचे चारच कॉलम दिसतात, आणि घरात दुसरं कोणी बसलं की "खिडकी बारीक कशी करायची" म्हणून हाका सुरू. आइसडब्ल्यूएम १९९७ पासून आहे, अजून त्याच्या नव्या आवृत्त्या येतात, अँटीएक्स या हलक्या लिनक्सवर तोच डिफॉल्ट असतो, ज्याला टास्कबार आणि स्टार्टसारखा मेनू आयता हवाय त्याने सरळ तो घ्यावा आणि हा लेख इथेच सोडावा. मला थोडी जास्त मोडतोड करायची होती म्हणून मी बाकीच्या दोघांत अडकलो.

फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स, दोघंही मूळचे ब्लॅकबॉक्स नावाच्या जुन्या विंडो मॅनेजरच्या घरातले. फ्लक्सबॉक्स २००१ मध्ये वेगळा झाला आणि सी प्लस प्लसमध्येच राहिला, ओपनबॉक्स पण तिथूनच निघाला पण तिसऱ्या आवृत्तीत त्याने सगळा कोड सी मध्ये नव्याने लिहून काढला, म्हणजे आता नात्यापुरतंच ब्लॅकबॉक्स. दोघांची शेवटची आवृत्ती २०१५ ची. यावरून काही लोक "मेलेलं सॉफ्टवेअर" म्हणतात, मी म्हणतो काम झालंय म्हणून थांबलंय, पण ते तुमच्या तुमच्यावर.

फ्लक्सबॉक्स मी दोन वर्षं वापरला आणि मनापासून आवडला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी त्याच्यावर उठलोय. टूलबार, घड्याळ, सिस्टीम ट्रे सगळं आत. उजवं क्लिक केलं की मेनूतच सेटिंग, बदललं की तिथल्या तिथे लागू. आणि कीज नावाची ती फाइल! एका शॉर्टकटला एक ओळ: मॉड४ (बहुतेक कीबोर्डवर विंडोजचं बटण), ई, कोलन, एक्झेक, फाइल मॅनेजरचं नाव, झालं. हेच ओपनबॉक्समध्ये करायचं तर कीबाइंडचा टॅग उघडा, त्यात ॲक्शनचा, त्यात कमांडचा, आणि मग तिन्ही उलट्या क्रमाने बंद करा. पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा मी दोन मिनिटं बघितली आणि बंद केली, खोटं कशाला बोलू.

फ्लक्सबॉक्सचे टॅब तर मला अजून आठवतात. कुठल्याही दोन खिडक्या, मग त्या वेगवेगळ्या प्रोग्रामच्या असू देत, टायटलबारवर मधलं बटण दाबून एकीला ओढून दुसरीवर टाकलं की दोघी एकाच चौकटीत. आमच्या काकांच्या आंब्याचा हिशोब माझ्याकडे असतो, सीझनला पेट्यांची स्प्रेडशीट, गाडीवाल्याच्या पावत्यांचे फोटो आणि कॅल्क्युलेटर अशा तीन खिडक्या एकात एक घालून ठेवायचो, एवढ्याशा मॉनिटरवर त्याची किंमत कळते. ओपनबॉक्समध्ये हे नाही. जुगाड करूनही तसं होत नाही, मी बघितलं.

मग सोडला का? तर शुक्रवारमुळे.

झालं असं की मी सिस्टीमची भाषा मराठी केली. हौस म्हणूनही आणि काका, आई बसतात म्हणूनही. टूलबारच्या घड्याळात वार लिहून यायला लागला, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळं झकास, दोन-चार जणांना बोलावून दाखवलं पण. आणि शुक्रवारी सकाळी बघतो तर "क्र" फुटलेला, क वेगळा, त्याच्या खाली पाय मोडल्याची खूण, र शेजारी एकटा उभा. काका हिशोबाला आलेले, चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "झिला, ह्या शुक्रवाराचो पाय कोणी मोडल्यान?" मी म्हटलं फॉन्टचं काहीतरी असेल, बघतो. दुसऱ्या दिवशी शनिवारची पहिली वेलांटी न ला सोडून पुढच्या व वर जाऊन बसली. रविवारी तेच, पहिल्या व ची वेलांटी दुसऱ्या व ला. सोमवारी परत सगळं ठीक, जसं काही झालंच नाही. म्हणजे बिघाड बरोबर वीकएंडला हजर, आणि नेमका मला वेळ तेव्हाच.

लोहित टाकून बघितला, नोटो टाकून बघितला, मुक्ता टाकून बघितला. दोष फॉन्टचा नव्हताच. फ्लक्सबॉक्स अक्षरं काढायला थेट एक्सएफटी वापरतो, आणि एक्सएफटी मिळालेली अक्षरं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने एकापुढे एक मांडत जातं. इंग्रजीला चालतं. आपल्याकडे पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर पण दिसायला हवी आधी, आणि जोडाक्षरात दोन अक्षरांचं तिसरंच रूप होतं, हे जुळवून देणारं कोणीतरी मधे लागतं. ओपनबॉक्स त्यासाठी पँगो वापरतो, आणि पँगोला देवनागरी नीट येते. एवढाच फरक, पण हा कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येत नाही, तो मुळातच तसा बांधलेला आहे.

तुम्ही म्हणाल घड्याळात वार दाखवूच नको ना. तेही केलं, नुसते आकडे ठेवले. पण खिडकीचं नाव कुठे लपवणार? फाइलचं नाव "हिशोब", तर ह ची वेलांटी शो वर. "विहीर पंप बिल" ही फाइल उघडली की वरची पट्टी वाचायला ज्योतिषी बोलवावा लागेल. मराठी बातमीचं पान उघडलं की तेच शीर्षक आत पानावर स्वच्छ आणि वर टायटलबारमध्ये अपघात झाल्यासारखं. टॅबवर पण तेच, म्हणजे ज्या गोष्टीसाठी फ्लक्सबॉक्स आवडत होता तिच्यातच तीन टॅबमधला हिशोब कुठला ते ओळखता येईना. तुमचं सगळं काम इंग्रजीत असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, तुम्हाला हे कधी दिसणारही नाही. मला दिवसातून पन्नास वेळा दिसायचं आणि एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं, घरातल्या गळक्या कौलासारखं.

ओपनबॉक्सवर आलो ते असं. आल्या आल्या समोर करडी स्क्रीन, ना पट्टी, ना घड्याळ, काही नाही. पॅनल वेगळं घ्यावं लागतं, मी टिंट२ घेतलं, त्यात पण पँगोच आहे त्यामुळे शुक्रवार दोन पायांवर उभा. वॉलपेपरला फेह, प्रोग्राम शोधायला रोफी. इथे एक सांगून ठेवतो, बरेच जण सवयीने डीमेन्यू टाकतात, तो पण एक्सएफटीवाला, म्हणजे मराठी नावांची परत तीच गत. रोफीत नीट दिसतं. हे सगळं जमवायला माझा एक रविवार गेला, फ्लक्सबॉक्सला अर्धा तास पण लागला नव्हता.

एक्सएमएलचा, म्हणजे ओपनबॉक्सच्या त्या टॅगवाल्या फाइलीचा, त्रास आहे तो आहेच. एकदा ऑगस्टमधली संध्याकाळ, पाऊस आडवा, शॉर्टकट बदलत होतो, शेवटचा टॅग बंद करायचा राहिला आणि तशीच सेव्ह केली तेवढ्यात लाईट गेली. तासाभराने आली, मशीन चालू केली तर माझे शॉर्टकट गायब. फरक एवढाच की ओपनबॉक्सने निदान खिडकी दाखवून सांगितलं, अमुक फाइलच्या अमुक ओळीत घोळ आहे. तेव्हापासून त्या फाइलला हात लावण्याआधी एक कॉपी काढून ठेवतो. सवय झाली की त्या टॅगचं काही वाटत नाही, असं म्हणतात, मला अजून थोडं वाटतं.

पण पाइप मेनू! ज्याला मोडतोड करायची आहे त्याने ओपनबॉक्स घ्यायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. म्हणजे मेनूतला एखादा भाग आधीपासून लिहून न ठेवता, तुम्ही त्यावर माउस नेला की तेव्हा स्क्रिप्ट (छोटासा प्रोग्राम) चालते आणि तिचं उत्तर मेनू म्हणून उघडतं. लोक त्यात हवामान, बॅटरी वगैरे दाखवतात. मी भरती-ओहोटी टाकली. आमच्याकडे जुनं गणित आहे, तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता. तर कॅलेंडरवरून महिन्याच्या तिथी एका टेक्स्ट फाइलमध्ये टाकतो, पंधरा-वीस ओळींची शेल स्क्रिप्ट आजची तिथी काढते, तिला ४५ मिनिटांनी गुणते, त्यात सहा तास मिळवून सुकती (ओहोटी) सांगते, आणि अष्टमीच्या आसपास असेल तर पुढे "भांग" (कमी जोराची भरती), पुनव-अवसेला "उधाण" असं लिहिते. आमच्या खाडीत वेळ थोडी मागेपुढे होते, होडी काढायला त्यावर जाऊ नका. पण काका आता हिशोबाआधी उजवं क्लिक करून सुकती बघतात आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढायला कधी जायचं ते ठरवतात. फ्लक्सबॉक्समध्ये असं करायचं तर मेनूची फाइल दुसऱ्या कुणाकडून तरी वेळोवेळी बनवून घेऊन ती आत इन्क्लूड करायची, होतं, पण द्राविडी प्राणायाम.

वेगात म्हणाल तर मला दोघांत फरक जाणवला नाही. पावसात लाईट दिवसातून चारदा जाते, त्यामुळे मशीन चालू व्हायला किती वेळ लागतो हे माझ्याइतकं कोणाला पाठ नसेल, आणि तो वेळ सगळा हार्डडिस्क खाते. लॉगिन केलं की दोन्ही बोट उचलायच्या आत हजर.

अजून एक गोष्ट, जी मी घेताना विचारात घेतली नव्हती. दोघंही एक्स११ वरचे, म्हणजे लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या जुन्या यंत्रणेवरचे, आणि वारा सगळा तिच्या जागी येणाऱ्या वेलँडकडे वाहतोय. पण वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी हा ओपनबॉक्सच्याच वळणावर बनवलाय, तशीच आरसी एक्सएमएल (सेटिंगची टॅगवाली फाइल), तसाच मेनू, थीम पण ओपनबॉक्सच्या चालतात, पाइप मेनूसुद्धा. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या रास्पबेरी पाय ओएसने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तोच डिफॉल्ट केला. म्हणजे आज टॅगांशी मारामारी करून जे शिकाल ते उद्या बरंचसं कामी येईल. फ्लक्सबॉक्सची ती गोड एका ओळीची फाइल तिथे चालत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर ज्याला तासाभरात उभं करायचंय, टॅब हवेत आणि खिडक्यांची नावं इंग्रजीत असतात त्याला फ्लक्सबॉक्समध्ये काही कमी पडेल असं वाटत नाही. मराठी फाइली, मराठी पानं, घरातली माणसं स्क्रीन वाचणारी, असं असेल तर मी तरी ओपनबॉक्सच सांगेन. दोन्ही एकाच वेळी टाकून ठेवता येतात, लॉगिनच्या वेळी हवा तो निवडायचा, एकमेकांच्या फाइलीत पाय घालत नाहीत. फक्त परीक्षा घ्यायची तर गुरुवारी घेऊ नका.