पक्षाघाताचा लहान झटका, पहिले ७२ तास: तालुक्यातच राहावे की पुढे हलवावे?

सकाळी वडिलांचा हात जड पडतो, बोलणे अडखळते, सीटी स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही आणि डॉक्टर ‘बारीक रक्तवाहिनीचा लहान झटका’ असे निदान करतात. त्या ‘लहान’ शब्दावर घरच्यांनी विसंबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेंदूच्या खोल भागातली ही इजा साधारणतः दीड सेंटीमीटरच्या आत असते. परंतु हातापायांना हालचालीचे संदेश नेणारे तंतू तिथे दाटीने एकत्र आलेले असल्यामुळे ती थोडी पसरली, तरी चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला रात्री पाय उचलता येत नाही. असे बळावणे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होते आणि शुद्ध शाबूत राहत असल्याने चटकन लक्षात येत नाही. म्हणून घरी परतण्याचा पर्याय मी विचारातच घेत नाही.

लक्षणे सुरू होऊन साडेचार तास उलटले नसतील, तर सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जिथे सर्वांत लवकर मिळेल, तिथेच जावे.

ती वेळ टळली असेल, तर निवड अवघड होते. सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला किंवा रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला नेल्यास एमआरआय आणि मेंदुविकारतज्ज्ञ मिळतात. मात्र नळी घालून गुठळी काढण्याचा उपचार मोठ्या धमन्यांसाठी आहे, तो इथे लागू पडत नाही. आणि बळावणे खात्रीने थांबवणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात रात्रीही डॉक्टर असतील, हातापायांची ताकद वारंवार तपासली जात असेल आणि गिळता येते याची खात्री करूनच पेज भरवली जात असेल, तर तिथे राहण्यात मला उणेपणा दिसत नाही. इंजेक्शन दिलेले नसल्यास रक्तदाब २२०/१२० च्या वर जाईपर्यंत तो सहसा घाईने उतरवत नाहीत. याला नातेवाइकांनी हलगर्जी समजू नये. सौम्य झटक्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधे बहुधा २१ दिवस एकत्र देतात. दोन्ही वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास रक्तस्राव वाढतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे.

रात्री डॉक्टर नसतील, तर मात्र पहिल्याच दिवशी, ताकद टिकून असतानाच १०८ ला फोन करून हलवावे. कुठेही राहिलात तरी रुग्ण जागा असताना त्याला दोन्ही हात समोर धरायला सांगून दहापर्यंत मोजावे, आणि आधी स्थिर राहणारा हात खाली येऊ लागला, तर वेळ टिपून त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे.