नानांच्या घरपोच देखभालीचे सहा आठवडे

खुब्याचं हाड मोडलं होतं. सासरे, म्हणजे आमचे नाना, इस्पितळातून घरी आल्यावर इंग्लंडमधल्या आमच्या कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) देखभाल-सेवा सहा आठवडे मोफत मिळाली. येणाऱ्या केअररबाईंना पूर्ण गुण. त्यांनी नानांना कधी उचलून उभं केलं नाही. खुर्चीच्या हातांवर भार देऊन स्वतः उठायला शिकवलं. चौथ्या आठवड्यात नाना आपला चहा आपणच करू लागले. (तो दिवस मी विसरणार नाही.)

गुण कापते ते दोन खात्यांमधल्या फटीसाठी. इंग्लंडमध्ये एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार मोफत, पण सामाजिक देखभाल (अंघोळ, कपडे अशी रोजची मदत) कौन्सिलकडे, आणि मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर त्या देखभालीचा खर्च आपला. आमचे कागद या दोघांत नऊ दिवस अडकले. कमोडची खुर्ची कोण देणार, हेच ठरेना.

ही फट बुजवायला जुलै २०२२ मध्ये ४२ इंटिग्रेटेड केअर बोर्डं (आपापल्या भागातल्या आरोग्यसेवांचं नियोजन करणारी एनएचएसची मंडळं) आली. २०२५ मध्ये त्यांना स्वतःच्या कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं, म्हणून आता बोर्डं एकमेकांत विलीन होताहेत. इतक्या मोठ्या बोर्डात आपल्या भागाचं कोण ऐकणार, ही आमच्या कौन्सिलरबाईंची काळजी मला पटते. आज निदान फोन उचलणारीला आमचा रस्ता माहीत आहे.