ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड: हायवेवर ॲव्हरेज कसं काढायचं

मारुतीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड आणि टोयोटाची हायरायडर, आतलं मशीन दोघींचं एकच, त्यामुळे हे दोन्हीवाल्यांना लागू आहे. स्ट्राँग हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत गाडी एकटी ओढू शकणारी इलेक्ट्रिक मोटर आणि तिची बॅटरी, जी ब्रेक मारताना आणि इंजिनावर चार्ज होते. सनरूफ, स्क्रीन, सीट यावर रिव्ह्यू पैशाला पासरी मिळतात, मी फक्त हायवेच्या ॲव्हरेजबद्दल लिहिते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. आणि मत आधीच सांगून टाकते, हायवेवर ही गाडी जबरदस्त देते, पण ते तुमच्या स्पीडवर ठरतं, बॅटरीवर नाही.

कंपनीचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. ज्या टेस्टमधून तो येतो त्यात टॉप स्पीडच 90 आहे, आणि बराचसा भाग शहरासारखा थांबत-चालत आहे, म्हणजे हायब्रिडला जे आवडतं तेच. हायवेला ब्रेक लागतच नाहीत तर फुकटचं चार्जिंग होणार कुठून, तिथे तासन्‌तास काम करायचं असतं ते 1.5 लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनालाच. ते ॲटकिन्सन सायकलचं इंजिन आहे, ताकद जरा कमी पण पेट्रोलचा थेंब न् थेंब वापरणारं, म्हणून शांतपणे चालवलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

आता स्पीड. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ला जेवढा असतो त्याच्या दीडपट 100 ला आणि सव्वादोन पट 120 ला. समृद्धीवर 120 ची परवानगी आहे म्हणून लोक काटा तिथे लावून बसतात आणि मग म्हणतात हायब्रिडमध्ये काही दम नाही. अहो, एवढी उंच गाडी हवेला ढकलत नेताय, पेट्रोल जाणारच! मला 80-90 च्या मध्ये राहिलं की 24 च्या आसपास आरामात मिळतं आणि 110 च्या पुढे गेलं की 19-20 वर येते. पुणे ते कोल्हापूर एवढ्या अंतरात 90 आणि 110 चा वेळेचा फरक अर्ध्या तासाच्या आतबाहेर पडतो आणि मधे ट्रक आडवे आले की तोही राहत नाही.

मीटरमध्ये डावीकडे चार्ज, इको आणि पॉवर असे पट्टे असतात ते बघायची सवय लावा, बाकी कुठल्या ॲपची गरज नाही. काटा इकोमध्ये ठेवायचा, पण म्हणून अगदी गोगलगायीसारखं पिकअप घ्यायचं नाही, टोलनाक्यावरून निघताना मध्यम दाबून पटकन 80 ला जायचं आणि मग पाय हलका करायचा. पाय हलका केला की पुष्कळदा 80 च्या वर सुद्धा इंजिन बंद होतं आणि हिरवं ईव्ही दिसतं, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर चाललीय, थोडा उतार असला तर बराच वेळ तसंच चालतं. पण तो दिवा टिकवण्यासाठी सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर कुरवाळत बसू नका. बॅटरीतली ती वीज शेवटी पेट्रोलचीच आहे, इंजिनातून बॅटरीत आणि बॅटरीतून मोटरमध्ये जाताना थोडी वाया जाते, ती नंतर इंजिनालाच भरून काढावी लागते. कधी काय वापरायचं ते सिस्टीमला ठरवू द्या, तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. क्रूझ कंट्रोल सपाटीला उत्तम, चढउतारावर मात्र बंद, कारण ते चढावर स्पीड टिकवायला इंजिनाला उगाच ओरडायला लावतं, आपण पायाने चालवलं तर चढाला 5-10 किलोमीटरचा वेग सोडून देतो आणि उतारावर परत मिळवतो.

घाटाबद्दल सविस्तर सांगते. बॅटरी फक्त 0.76 किलोवॅट तासाची आहे, म्हणजे पाऊण युनिट, आणि त्यातलीही पूर्ण वापरली जात नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण पाचशे मीटर खाली येतो, माणसांसकट दीड टनाची गाडी धरली तर दोन युनिटची ऊर्जा होते. टायर आणि हवा त्यातली निम्मी खातात, तरी बॅटरी अर्ध्या घाटातच भरते. म्हणून घाटाच्या तोंडाशी ती थोडी रिकामी असलेली बरी, म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडे सिस्टीमने ईव्ही दिलं तर खुशाल चालू द्या. भरली की गिअर बी वर घ्या, मग इंजिन फिरून गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत आणि त्या वेळी पेट्रोलही जळत नाही. न्यूट्रल टाकून उतरायची जुनी सवय असेल तर ती इथे पूर्णपणे सोडा, एकतर ते जिवावर बेतणारं आहे आणि दुसरं म्हणजे न्यूट्रलमध्ये चार्जिंगच होत नाही! एक्सप्रेसवेला घाटात लिमिट 60 च आहे, त्या स्पीडला हे सगळं फार छान जमतं.

टायरमधली हवा महत्त्वाची. दाराच्या आतल्या स्टिकरवर आहे तेवढीच, निघायच्या आधी टायर थंड असताना. एसी लावा, 80 ला काचा उघड्या ठेवून काही वाचत नाही, इको मोडमध्ये एसी पण जरा दमाने चालतो.

एक गोष्ट खरंच खटकते, बॅटरीमुळे या मॉडेलला डिकी 265 लिटरचीच आहे, साध्या मॉडेलला 373. मग चार जण सामान घेऊन गावी निघाले की लोक वर कॅरिअर लावतात आणि ॲव्हरेजचा सत्यानाश होतो. लावावंच लागलं तर परत आल्यावर लगेच काढा, रिकामं कॅरिअर सुद्धा हवा अडवतं.

आणि ॲव्हरेज स्क्रीनवर बघून भांडू नका, टाकी फुल ते टाकी फुल काढा, शक्यतो एकाच पंपावर, पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबून. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून आकडा थोडा उतरलाय कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी असते, त्यात गाडीचा दोष नाही.

निम्मं रनिंग शहरात आणि निम्मं हायवेला असेल तर डोळे झाकून घ्या. रोज हायवेलाच 110-120 ने जायचं असेल तर स्ट्राँग हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील, माइल्ड हायब्रिड मॅन्युअल बघा, म्हणजे मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते ते साधं मॉडेल, कंपनी तिचं 21.11 सांगते आणि डिकीही मोठी मिळते.