डेबियन आणि आप्ट : पावणेदोन वर्षं रोज वापरल्यावर

डिसेंबर २०२३ मध्ये घरच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं. ८ जीबी रॅम, डेस्कटॉप एक्सएफसीई, आणि काम म्हणजे दिवसभर मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, स्कॅनिंग, अधूनमधून थोडं पायथन. मशीन कसं चालतं यावर सगळेच लिहितात, म्हणून मी सॉफ्टवेअर टाकणं, अपग्रेड करणं आणि काढणं, म्हणजे डेबियनमध्ये टर्मिनलवरून ही कामं करणारं ‘आप्ट’, एवढ्यावरच लिहितोय, कारण या काळात माझं मशीन एकदाच पूर्ण झोपलं आणि ते याच कामात झोपलं.

झालं असं की मार्च २०२४ मध्ये स्कॅनर घेतला, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरची डेब फाइल (डेबियनसारख्या सिस्टमवर सॉफ्टवेअर टाकायची फाइल) उतरवली, ती दुसऱ्याच डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारासाठी बनवलेली होती हे बघितलंच नाही. डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे), मिळेनात, मग कुठेतरी वाचून त्या दुसऱ्या डिस्ट्रोची रेपॉझिटरीच (पॅकेजेसचं ऑनलाइन भांडार) सोर्सेसमध्ये, म्हणजे आप्ट जिथून पॅकेजेस घेतं त्या यादीत, जोडली आणि परत इन्स्टॉल मारलं. स्क्रीनवर भलीमोठी यादी आली, खाली पुढे जायचं का हा नेहमीचा प्रश्न, मी वाय दाबून चहा ठेवायला गेलो. त्या यादीत वरच्या बाजूला ‘खालील पॅकेजेस काढली जातील’ असं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्याखाली लिब्रेऑफिस, थुनार हा फाइल मॅनेजर, लॉगिन स्क्रीन, पॅनल, सगळं होतं. रीस्टार्ट केल्यावर काळा स्क्रीन.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर (नुसत्या कमांडच्या स्क्रीनवर) गेलो, नशिबाने नेटवर्क मॅनेजर शाबूत होता त्यामुळे वायफाय चालू होतं. मग कळलं की आप्ट प्रत्येक कामाची नोंद ठेवतं. व्हार फोल्डरच्या लॉगमध्ये आप्ट नावाचा फोल्डर असतो, त्यात हिस्टरी डॉट लॉग. कुठल्या वेळेला कोणती कमांड दिली, काय आलं, काय गेलं, सगळं आवृत्तीच्या आकड्यासकट. त्यातली ‘रिमूव्ह’ची ओळ बघून एकेक पॅकेज परत टाकायला लागलो तर तेही होईना, कारण परक्या रेपॉझिटरीतून काही लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) आधीच नव्या झाल्या होत्या आणि रेपॉझिटरी काढून टाकली तरी आप्ट आपणहून कुठलंही पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेत नाही. ‘आप्ट पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव दिलं की ते कुठल्या सोर्सकडून आलंय ते दिसतं, तसं बघत बघत प्रत्येक लायब्ररी आवृत्तीचा आकडा देऊन हाताने मागे आणली. रात्रीचे अडीच वाजले. स्कॅनर नंतर डेबियनच्याच सेन या स्कॅनिंगच्या पॅकेजवर चालला, त्या ड्रायव्हरची गरजच नव्हती!

तेव्हापासून वाय दाबायच्या आधी यादी वाचतो, आणि सगळ्यात आधी ‘काढली जातील’वालं वाचतो. मला एक छोटं ॲप हवंय आणि त्यासाठी दहा पॅकेजेस जाणार असतील तर काहीतरी चुकतंय, तिथेच एन दाबायचं. शंका असेल तर कमांडमध्ये वजा एस घालायचं, मग आप्ट फक्त काय होईल ते सांगतं, प्रत्यक्षात काही करत नाही. हे फुकट आहे आणि दोन सेकंदात होतं, तरी लोक वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं याचा क्रम ठरवून टाकलाय. आधी डेबियनची रेपॉझिटरी. तिथलं जुनं पडत असेल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे आपल्या आवृत्तीसाठी डेबियननेच बनवलेली नवी पॅकेजेस. तिथेही नसेल तर फ्लॅटपॅक (ॲप टाकायची वेगळी पद्धत), कारण ते स्वतःचे रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा पाया, घेऊन वेगळं राहतं आणि सिस्टमच्या लायब्ररींना हात लावत नाही. जागा खातं हे खरं, म्हणून अधूनमधून न वापरलेले रनटाइम काढून टाकतो. बाहेरची रेपॉझिटरी अगदीच नाइलाज असेल तर, आणि ती सुद्धा डेबियनच्या आपल्याच आवृत्तीसाठी बनवलेली हवी.

पायथनवाल्यांसाठी वेगळं सांगतो. डेबियन १२ पासून सिस्टमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) थेट काही टाकायला गेलं की एरर येतो, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून, म्हणजे हे पायथन आप्ट सांभाळतं. त्या एररमध्येच ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ नावाचा पर्याय दिसतो आणि बरेच जण तोच मारून पुढे जातात. नका करू. सिस्टमची कितीतरी टूल्स त्याच पायथनवर चालतात. कामासाठी व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं, सिस्टमला न शिवणारं फोल्डर) बनवा, कमांड म्हणून वापरायचं असेल तर पिपेक्स आहे.

काढण्याबद्दल. ‘रिमूव्ह’ केलं की प्रोग्रॅम जातो पण इटीसी फोल्डरमधल्या त्याच्या कॉन्फिग फाइल राहतात, डीपीकेजीच्या (आप्टच्या खालचं, पॅकेजेस प्रत्यक्ष टाकणारं टूल) यादीत त्या नावापुढे आर-सी दिसतं. परत टाकणार असाल तर राहू द्या, नाहीतर ‘पर्ज’, म्हणजे त्या फाइलही जातात. घरच्या फोल्डरमधल्या लपवलेल्या सेटिंग्ज मात्र पर्जनेही जात नाहीत, त्या हाताने काढायच्या. आता गरज न उरलेली पॅकेजेस काढणारं ‘ऑटोरिमूव्ह’ मी चालवतो, पण तीही यादी वाचून. आपण वापरतोय असं एखादं नाव त्यात दिसलं तर ते ‘आप्ट-मार्क मॅन्युअल’ करून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी येत नाही.

एक चूक फार लोक करतात. इन्स्टॉल करताना लॉक (एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून असलेलं कुलूप) मिळत नाही असा मेसेज आला की लॉकची फाइलच डिलीट करून टाकतात. अहो, बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं, पाच मिनिटं थांबा. बाबांच्या मशीनवर मी अनअटेंडेड अपग्रेड्स लावून दिलंय, त्यांना सिक्युरिटीचे पॅच आपोआप मिळतात, तिथे हा मेसेज दिसला की थांबायचं एवढंच त्यांना सांगितलंय.

आता मोठ्या अपग्रेडचा अनुभव. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, मी मुद्दाम थांबलो आणि गणपतीच्या सुट्टीत हात घातला. आधी बॅकअप, मग १२ पूर्ण अपडेट केलं, बाहेरची एकुलती एक रेपॉझिटरी बंद केली, आणि रिलीज नोट्स शांतपणे वाचल्या. त्यातच कळलं की १३ मध्ये टेम्पचा (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर रॅममध्ये जातो, ८ जीबीच्या मशीनवर मी तिथे मोठमोठे स्कॅन ठेवायचो ते आधीच हलवले. मग सोर्सेसमध्ये बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी (१३ चं नाव) लिहून अपडेट, आधी नवीन पॅकेजेस न घेता साधं अपग्रेड, आणि मग गरजेप्रमाणे पॅकेजेस टाकणारं-काढणारं फुल-अपग्रेड. मध्ये चारेक वेळा विचारलं की तुम्ही बदललेली कॉन्फिग फाइल ठेवायची की नवीन घ्यायची, दर वेळी आधी फरक बघितला आणि मगच उत्तर दिलं. साधारण दोन तास लागले, रीस्टार्ट झाल्यावर सगळं जागेवर.

१३ मधलं आप्ट ३.० मला मनापासून आवडलं. यादी आता रकान्यांत येते, येणारी पॅकेजेस हिरवी, जाणारी लाल. मार्चच्या त्या संध्याकाळी हा लाल रंग असता तर चहाचं पातेलं हातात घेऊन मी नक्की थांबलो असतो.

नाराजी एकच, टर्मिनलमधले मेसेज नवख्या माणसाला अजूनही जड जातात, आणि ग्राफिकल सॉफ्टवेअर सेंटरमध्ये काय काढलं जाणार हे टर्मिनलइतकं ठळक दिसत नाही. त्यामुळे साधं ॲप असेल तर ठीक, पण ड्रायव्हर किंवा लायब्ररीचा प्रश्न असेल तर मी टर्मिनलच उघडतो.

गेल्या महिन्यात ताईने लॅपटॉप बदलला. ‘आप्ट-मार्क शोमॅन्युअल’ने माझ्याकडची हाताने टाकलेली पॅकेजेस एका फाइलमध्ये काढली, ९४ नावं निघाली, तिला नको ती आम्ही दोघांनी बसून खोडली आणि उरलेली तिच्या मशीनवर एकाच कमांडने टाकली. वाय दाबायच्या आधी तिनेच यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली.