भटकंतीला घडीचा चाकू कुठला न्यावा, ओपिनेल ८ नंबर की व्हिक्टोरिनॉक्स फार्मर?

पाठीवर सगळं सामान घेऊन चालायचं म्हटलं की एकेक ग्रॅम मोजावा लागतो, आणि तिथे ओपिनेल सरळ पुढे जातो. वजन जेमतेम ४५ ग्रॅम, पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची. फार्मर जवळपास दुप्पट जड, पण त्यात करवत आहे ना! अंगठ्याएवढी वाळकी फांदी ती करवत मस्त कापते, चाकूने तेच करायला गेलात तर हात भरून येतो.

लाकूड तासायला मात्र ओपिनेलच. पातं पातळ आहे, त्यामुळे काडीवरून हलकेच ओढलं तरी कुरळे छिलके निघतात आणि ते लगेच पेट घेतात. शिवाय १९५५ पासून त्याला फिरवायची स्टीलची रिंग आहे, ती फिरवली की पातं लॉक. फार्मरला लॉक नाही, नुसती स्प्रिंग आहे, म्हणून टोकाने भोक पाडायला जाऊच नका, पातं बोटांवर मिटेल, त्यासाठी वेगळी आरी दिलीये ती वापरा.

पावसात चित्र उलटं होतं बघा, ओपिनेलची मूठ फुगते, पातं अडकतं, मग मुठीचं मागचं टोक ओंडक्यावर आपटून ते बाहेर काढावं लागतं, आणि कार्बन स्टीलचं घेतलं असेल तर गंजतंसुद्धा, रोज पुसून तेलाचा हात फिरवायलाच हवा. फार्मर स्टेनलेस, मूठ ॲल्युमिनियमची, पाण्याचं टेन्शन नाही.

मी कोरड्या दिवसांत ओपिनेल नेतो, पावसाळ्यात फार्मर. आणि दोन्हीपैकी कुठल्याच चाकूवर ठोकून लाकूड फोडू नका प्लीज, बिजागरी ढिली होते.